विज्ञान की अभियांत्रिकी?

बारावीचा निकाल लागला, की ठाणे-भिवंडी मार्गावरील काल्हेरमध्येही घरोघरी हाच प्रश्न उभा राहतो. विज्ञानाची पदवी ‘असे का घडते’ हे शिकविते. अभियांत्रिकी त्या ज्ञानातून उपयोगाची वस्तू घडविण्यास शिकविते. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम ४ वर्षांचा असून राज्यातील बहुतांश प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गुणांवर होतात. मात्र सीईटीत गुण कमी पडले, तरी वाट बंद होत नाही. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरास पात्रतेनुसार अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पण ३ अधिक ३ अशी ६ वर्षे द्यावी लागतात; हा खर्च पालकांनी आधीच जोखावा. संशोधनाची ओढ असल्यास मात्र मूलभूत विज्ञानच निवडावे. पुण्यातील ‘आयसर’ २००६ मध्ये त्यासाठीच स्थापन झाली.