नागपुरात नाटक शिकताय? आधी ८९१.४६२ आणि ७९२ लक्षात ठेवा

ग्रंथालयात नुसतं 'नाटकाची पुस्तकं कुठे?' विचारलंत, तर संहितांच्या कपाटापाशी नेऊन सोडतात. ड्यूई वर्गीकरणात मराठी नाटकं ८९१.४६२ खाली असतात. पण दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूमीचा इतिहास हे सगळं ७९२ मध्ये. पुष्कळदा ही दोन कपाटं दोन टोकांना, त्यामुळे अर्धी पुस्तकं सापडतच नाहीत.

सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था. तिथून सुरुवात करा, मग विद्यापीठाचं ग्रंथालय. एलकुंचवार वाचायचे तर 'वाडा चिरेबंदी'वर थांबू नका. 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लागोपाठ वाचा. दारव्हेकर मास्तरांची 'कट्यार काळजात घुसली' नुसता सिनेमा पाहून कळते असं मला तरी वाटत नाही, संहिता मिळवाच.

प्रबंधांसाठी 'शोधगंगा' हे संकेतस्थळ फुकट आहे. नावं देवनागरीत आणि रोमनमध्येही टाकून शोधा, कारण नोंदी दोन्ही प्रकारे असतात. आणि प्रबंधाची शेवटची संदर्भसूची आधी वाचा, खरा खजिना तिथेच! जुन्या, दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी राज्य मराठी विकास संस्थेचं संकेतस्थळ पाहा.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं मात्र वेगळं. रात्रभर चालणारी ही नाटकं छापील स्वरूपात फार कमी भेटतात. त्यासाठी दिवाळीनंतर थेट वडसा गाठा, नाटक मंडळींशी बोला.

तुमच्या घरी जुन्या संहिता, नाट्यमहोत्सवांच्या स्मरणिका पडून असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला विचारा.