दूरचें शेत आणि जवळचें कर्तव्य

मृगाचें पहिलें पाणी पडलें म्हणजे आमच्या शहरांतील कित्येक दुकानांत व कचेऱ्यांत एक ठराविक संभाषण कानीं पडतें. "यंदा शेत कोणाला दिलें?" असा प्रश्न निघतो, "मागच्याच माणसाला, अर्धेलीनें," असें उत्तर मिळतें, इतक्यांत गिऱ्हाईक येतें आणि तो विषय दिवाळीपर्यंत मिटतो. दिवाळीस दोन पोतीं धान्य किंवा थोडी रक्कम घरीं येते, ती कमी आली म्हणून दोन दिवस कुरकुर चालते, आणि शेत पुनः विस्मृतींत जातें. ज्या गृहस्थास आपल्या तराजूंतील गुंजेचा फरक खपत नाहीं, त्यालाच आपल्या परगांवच्या शेतांत एकरीं काय पिकलें हें सांगतां येत नाहीं. या उदासीनतेविषयीं आज चार शब्द स्पष्टपणें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दूरच्या शेताचे धनी मुख्यतः तीन प्रकारचे आढळतात. कोणी वडिलोपार्जित जमीन गांवीं ठेवून पोटासाठीं शहरांत आले. कोंकणांतील चाकरमानी मंडळी यांतलीच. कोणी घरचें शेत असतां, व्यापारांत चार पैसे शिल्लक पडल्यावर दुसऱ्या तालुक्यांत आणखी एक तुकडा घेतला. तिसरा वर्ग लग्न होऊन सासरीं गेलेल्या मुलींचा. त्यांची गणना धन्यांत करण्याची आपल्याकडे अद्यापि चाल नाहीं, म्हणून त्यांच्याविषयीं पुढें स्वतंत्र लिहूं. "उत्तम शेती" ही म्हण सर्वांनाच पाठ आहे. परंतु शेती उत्तम ठरते ती कसणाराच्या हातीं, केवळ सातबाराच्या उताऱ्यावर नांव असल्यानें नव्हे. दुरून डोंगर साजरे, तसें दुरून शेतही साजरेंच दिसतें. जवळ जावें तों बांध फुटलेला, हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या नांगरानें हललेला, आणि एका कोपऱ्यांत काटेरी बाभळीचें रान माजलेलें!

धनी एकीकडे आणि शेत दुसरीकडे, हा प्रकार महाराष्ट्रास नवा नाहीं व त्याचीं फळेंही अज्ञात नाहींत. एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या रयतेच्या जमिनी कर्जापायीं पेढीवाल्यांच्या हातीं जाऊं लागल्या. ज्यानें जमीन घेतली तो औत धरणारा नव्हता. पूर्वीचा मालकच त्याच जमिनींत राबे आणि पीक पेढीवर पोंचवी. या असंतोषाचा स्फोट मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झाला, तेव्हां लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. पुढें १८७९ सालीं सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. कोंकणांत खोत व कुळें यांचा झगडा पिढ्यानुपिढ्या चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें, आणि ती पद्धति कायद्यानें उठण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. आमच्या व्यापारी वाचकांनीं हा इतिहास विसरूं नये, एवढ्याचसाठीं आम्हीं तो येथें दिला.

आतां जमीन तरी किती उरली आहे तें पहा. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत १७७१ सालीं दर खातेदारामागें सरासरी चाळीस एकर पडणारी जमीन १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आल्याचें दाखविलें आहे. सबंध महाराष्ट्राचा विचार केला तर कृषिगणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं वहितीचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ सालीं १.३४ हेक्टर झालें. जेथें भूमि इतकी आखडली, तेथें एकाचें शेत त्याच्या गैरहजेरींत ओसाड पडावें आणि बांधापलीकडच्या कष्टाळू माणसानें जमिनीवांचून तळमळावें, ही गोष्ट खासगी राहत नाहीं. ती समाजाची हानि होय.

"मग आम्ही करावें तरी काय? शेत लेखी दिलें कीं कूळ लागतें," असें वाचक म्हणतील. ही भीति उगाच नाहीं, म्हणून तिचें मूळ नीट समजून घेतलें पाहिजे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यानें दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणें कसणारास कुळाचे हक्क दिले, आणि पुढील दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून त्या दिवशीं कसणारें कूळ जमिनीचें खरेदीदार झाल्याचें मानलें. मराठवाड्यास हैदराबादचा १९५० चा व विदर्भास १९५८ चा असे स्वतंत्र कायदे आहेत. कृषकदिनानंतर लागलेल्या कुळासही, तें स्वतः कसत असल्यास, ठराविक मुदतींत जमीन विकत मागण्याचा मार्ग कायद्यानें ठेवला आहे. हा कायदा अन्यायानें झाला असें म्हणणारास आम्ही एवढेंच विचारतों, कीं आज कुळाच्या नांवानें जे दचकतात, त्यांतील कितीकांच्या घरीं जमीन आली ती याच कायद्यानें ना? आजोबा कूळ होते म्हणून नातू मालक झाला. आतां नातवानें शिडी वर ओढून घ्यावी, हें शोभत नाहीं.

परंतु कायद्याचा हेतु चांगला असला तरी भीतीनें एक वाईट रीत रूढ केली आहे. शेत तोंडी बोलीवर द्यावयाचें, कागद करावयाचा नाहीं, दर एक-दोन वर्षांनीं माणूस बदलावयाचा, आणि कोणीं विचारलें तर "तो आमचा गडी आहे" असें सांगावयाचें. देशावर याला अर्धेल म्हणतात, अन्यत्र बटई; रोख रक्कम ठरली तर खंड, मक्ता किंवा ठोका. नांवें निराळीं, लपवाछपवी एकच. या लपवाछपवीची किंमत कोण देतो?

पहिली किंमत जमीन देते. शेणखताचा गुण एका हंगामांत संपत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या पिकासही तो लाभतो. हेंच शेत पुढील सालीं आपल्याकडे राहील कीं नाहीं याची ज्यास शाश्वति नाहीं, तो गाड्या भरभरून खत कशास टाकील? बांध घालणें, चर काढणें, विहिरींतील गाळ उपसणें, या कामांचें फळ सावकाश येतें. एका सालाचा अर्धेलकरी तीं कामें करणार नाहीं, आणि त्याला दोषही देतां येणार नाहीं.

दुसरी किंमत कसणारा देतो, आणि ती सर्वांत जड आहे. पीककर्जास सातबारा लागतो. तो दुसऱ्याच्या नांवाचा. २०१६ सालीं सुरू झालेल्या पीकविमा योजनेंत कुळांस व वाटेकऱ्यांस जागा आहे. पण पुरावा दाखवावा लागतो, आणि पुरावा तर धन्यानें होऊंच दिलेला नसतो. गारपीट झाली, पूर आला, तर नुकसानभरपाई खातेदाराच्या नांवें निघते. २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबांस वर्षास ६,००० रुपये देतें, तेही जमीन नांवावर असणाऱ्यांसच. बियाणें ज्याचें बुडालें, घाम ज्याचा गळाला, त्याच्या हातांत कवडीही पडत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या खात्यांत अशी भरपाई परस्पर जमा झाली असेल, त्यांनीं तिचा न्याय्य वांटा कसणारास पोंचविला कीं नाहीं, हें आपल्या मनासच विचारावें.

तिसरी किंमत स्वतः धनी देतो. तोंडी बोलीनें आपण सुरक्षित आहों ही त्याची समजूत खोटी आहे. कायदा नुसता कागद पाहत नाहीं, वहिवाट पाहतो. मालकाची "स्वतःची वहिवाट" कोणती हें कायद्यानें सांगितलें आहे: आपल्या अंगमेहनतीनें, कुटुंबांतील माणसांच्या मेहनतीनें, किंवा आपल्या अगर कुटुंबांतील माणसाच्या देखरेखीखालीं मजुरी देऊन ठेवलेल्या गड्यांकडून केलेली ती. ही मजुरी रोख असो वा धान्याची असो, पण ती पिकाच्या वांट्याच्या रूपानें असतां कामा नये. तेव्हां अर्धेलीच्या माणसास गडी म्हटल्यानें तो गडी होत नाहीं. होतें तें एवढेंच, कीं धनी आणि कसणारा दोघांसही खोटें बोलण्याची संवय लागते. शेत अगदींच पडीक ठेवणें हाही तरणोपाय नव्हे. दीर्घकाळ पडीक राहिलेली जमीन चौकशीअंतीं आपल्या व्यवस्थेखालीं घेण्याचा अधिकार याच कायद्यानें सरकारास दिला आहे. आणि परक्यानें उघडपणें बळकावलेल्या जमिनीकडे बारा वर्षें डोळेझांक केली, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें मालकाचा दावाच बुडूं शकतो.

मग प्रामाणिक मार्ग कोणते? आमच्या मतें दोन.

पहिला मार्ग, शेत खरोखर स्वतः पाहण्याचा. त्यासाठीं गांवीं जाऊन राहिलें पाहिजे असें नाहीं. पण वर्षांतून चार खेपा चुकवितां कामा नयेत. एक पेरणीच्या वेळीं, दुसरी खुरपणीच्या ऐन दिवसांत, तिसरी काढणी-मळणीस, आणि चौथी उन्हाळ्यांत, बांधबंदिस्तीसाठीं. काढणीस तेवढें हजर होणारा धनी, लग्नांत फक्त पंगतीस येणाऱ्या पाहुण्यासारखा होय. गांवीं सालगडी ठेवावा, त्याचें साल बोलीप्रमाणें वेळेवर चुकतें करावें, आणि खुरपणीस येणाऱ्या बायांस पुरुषाच्या बरोबरीनें मजुरी द्यावी. बियाणें, खत, औषध, भाड्याचा ट्रॅक्टर, मळणी, हमाली यांचा जमाखर्च दुकानाच्या वहीइतक्याच काटेकोरपणें लिहावा. दर वर्षीं सातबारा व आठ-अ चे उतारे काढून पहावेत. हद्दीविषयीं शंका असेल तर भांडण होण्याआधींच सरकारी मोजणी मागावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत राज्यांत सुरू झाली आहे, आणि त्यासाठीं शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावें लागतें. पेढीवरच्या गादीवर बसून तें होत नाहीं. निदान या निमित्तानें तरी धन्याचे पाय मातीस लागतील, अशी आम्हांस आशा आहे.

दुसरा मार्ग कठीण, पण अधिक उदार आहे. ज्यास चार खेपा होत नाहींत, ज्याच्या मुलांस शेताची वाटही ठाऊक नाहीं, त्यानें तें शेत कसणारासच वाजवी किंमतीनें, हप्त्यानें कां होईना, विकून टाकावें. शहरांत ज्यास दुकानाची दुसरी शाखा चालवितां येत नाहीं तो ती मोडतो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. पूर्वजांची जमीन विकूं नये ही भावना आम्ही जाणतों. परंतु पूर्वजांनीं ती राखली ती कसून राखली, उताऱ्याची घडी करून नव्हे.

जे या दोन्ही मार्गांत बसत नाहींत त्यांच्यासाठीं कायद्याची सुधारणा हवी. नीती आयोगानें २०१६ सालीं शेतजमीन भाडेपट्ट्याचा एक नमुना-कायदा प्रसिद्ध केला. मालकी मालकाकडेच रहावी, मुदत संपतांच जमीन परत मिळावी, आणि मुदतींत कसणारास कर्ज, विमा व भरपाई यांचा लाभ व्हावा, असें त्याचें धोरण आहे. हें धोरण आम्हांस सामान्यतः मान्य आहे. मात्र मुदत एका सालाची नसावी, करार गांवच्या दप्तरीं नोंदला जावा, आणि धनवानांनीं पट्ट्यानें जमिनी घेऊन लहान कसणारास हुसकावूं नये म्हणून क्षेत्रास मर्यादा असावी. दोघांचीही भीति गेल्यावांचून जमिनीची आबाळ थांबणार नाहीं.

शेवटीं, तिसऱ्या वर्गाविषयीं. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती करून मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला; हा हक्क जन्मतःच आहे असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं स्पष्ट केलें. तरीही घरोघर काय चालतें? भाऊबीजेस साडीचोळी करावयाची, आणि पुढच्याच आठवड्यांत हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घ्यावयाची! "ती सासरीं राहते, तिला शेत कसें पाहतां येईल?" हा युक्तिवाद करणारा भाऊ स्वतः मुंबईस राहतो आणि शेत अर्धेलीनें लावतो, हें नवल नव्हे काय? तो दूर राहून धनी राहूं शकतो, तर बहीण कां नाहीं? भाऊ गांवीं राहून कसत असेल तर बहिणीच्या हिश्श्याचा हिशेब त्यानें दर वर्षीं तिच्यापुढें ठेवावा. तिला सोडावयाचें असेल तर ती आपखुषीनें सोडील. मागून घेतलेलें औदार्य हें औदार्य नव्हेच.

येत्या दिवाळीस परगांवच्या शेताचें धान्य घरीं येईल, तेव्हां आमच्या वाचकांनीं पोतीं मोजण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हें पीक कोणीं काढलें त्याचें पूर्ण नांव मला ठाऊक आहे काय? पीक बुडालें असतें तर त्याचें काय झालें असतें? आणि या शेतांत आणखी कोणा बहिणीचा वांटा आहे काय? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें ज्यास निःशंकपणें देतां येतील, तोच त्या शेताचा खरा धनी. ज्यास देतां येणार नाहींत, त्यानें पुढील मृगाची वाट न पाहतां याच हंगामांत गांवची वाट धरावी, अशी आमची त्यास आग्रहाची सूचना आहे.