व्याधाचा जोडीदार आणि १.४ चा घोळ

एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास प्रभादेवीच्या चौपाटीवर उभं राहिलं, की शहराच्या झगमगाटाला न जुमानता नैर्ऋत्येला, वरळीच्या अंगाला, एक तारा लखलखताना दिसतो. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याला एक जोडीदार आहे, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८६२ साली अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क दुर्बिणीचं नवं भिंग तपासत होते, तेव्हा तो पहिल्यांदा सापडला. हा श्वेत बटू आहे. एका सूर्याचं वस्तुमान पृथ्वीहून जरा लहान गोळ्यात ठासून भरलेलं.

श्वेत बटूंविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज चंद्रशेखर मर्यादेचा, म्हणजे श्वेत बटूच्या कमाल वस्तुमानाचा आहे. सूर्याच्या १.४ पटींहून जड तारा जन्मला, की तो न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर होणारच, असं विज्ञानाची पुस्तकं वाचलेली मंडळीही बिनदिक्कत सांगतात. ते चूक आहे. ही मर्यादा जन्माच्या वजनाला नाही, मागे उरलेल्या गाभ्याला आहे. जन्मताना सुमारे आठ सूर्यांएवढा असलेला ताराही श्वेत बटू होऊनच संपतो.

ही मर्यादा सुचली ती मुंबईहून निघालेल्या बोटीवर. ३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ‘पिल्स्ना’ बोटीने इंग्लंडला शिकायला निघाले आणि प्रवासातच आकडेमोडीला बसले. १९३१ मध्ये छापलेलं त्यांचं पहिलं उत्तर मात्र १.४ नव्हतं, ०.९१ होतं! गाभ्यातल्या द्रव्याविषयीचं गृहीतक पुढे बदललं, तसा आकडाही बदलला.

आता व्याधाचं कोडं. तारा जितका जड, तितकं त्याचं आयुष्य कमी. मग दोन सूर्यांएवढा व्याध अजून धडधाकट, आणि एका सूर्याएवढा जोडीदार आधीच विझलेला, हे कसं? कारण जन्मताना जोडीदारच थोरला होता, साधारण पाच सूर्यांएवढा. चार सूर्यांचा ऐवज त्याने अवकाशात उधळला. तोही स्फोट होऊन नव्हे. तांबडा राक्षसी तारा झाल्यावर त्याचे बाहेरचे थर वाऱ्यासारखे वाहून गेले.

यावरून दुसरा गैरसमजही निकालात निघतो. पाचपट जड ताऱ्याचा श्वेत बटू पाचपट जड नसतो. सूर्य शेवटी आपलं निम्म्याहून किंचित जास्त वस्तुमान राखेल. व्याधाच्या जोडीदाराने जेमतेम पाचवा हिस्सा राखला.

मेलेल्या ताऱ्याचं जन्माचं वजन कळतं कसं? तारकागुच्छांवरून. कृत्तिकेतले तारे एकाच वेळी जन्मलेले, वय सुमारे साडेबारा कोटी वर्षं. त्यांच्यातला श्वेत बटू किती काळ निवतो आहे, हे त्याच्या तापमानावरून काढायचं आणि गुच्छाच्या वयातून वजा करायचं. उरतं ते मूळ ताऱ्याचं आयुष्य, आणि आयुष्यावरून वस्तुमान. खगोलशास्त्रज्ञ फोल्कर वाइडेमान यांनी १९७७ मध्ये अशा नोंदी जुळवून जन्माचं आणि अंताचं वस्तुमान यांचं नातं मांडलं.

हे नातं सरळ चढत जातं, असंही नाही. २०२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ पाओला मारिगो आणि सहकाऱ्यांना त्यात एक उंचवटा आढळला. १.८ ते १.९ सूर्यांएवढे तारे ०.७ सूर्याहून जड अवशेष ठेवतात. त्यांच्याहून थोडे जड तारे मात्र हलके अवशेष ठेवतात.

आकाराचा हिशेब तर पुरता उलटा आहे: श्वेत बटू जितका जड, तितका लहान. प्रश्वा या ताऱ्याचा जोडीदारही श्वेत बटूच. त्याचं वस्तुमान ०.६ सूर्य आहे, आणि तो व्याधाच्या जोडीदाराहून मोठा आहे.