मीठ पाझरलं की पंखा बंद

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्या जुन्या तेलगिरणीच्या चारही टाक्या गॅस कटरने कापल्या. लातूरकडून येताना रस्त्यावरून दिसलं म्हणून थांबलो. पत्र्याची अर्धी टाकी उभी होती, तळाची भोकाभोकांची जाळी उघडी पडली होती आणि पंखे वजनकाट्यावर चढले होते. पाच अश्वशक्तीचे ते पंखे मी दहा वर्षं चालवले आणि त्याहून जास्त वेळा बंद ठेवले. हे दुसरं काम अवघड होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

धान्य साठवण्याचा इतिहास सांगायचा तर पेवापासून सुरुवात करायची रीत आहे. ती एका परिच्छेदात उरकतो. आमच्याकडे ज्वारी पेवात जायची, बळदात जायची, कणगीत जायची. पेवाचा सगळा भरवसा हवा कोंडण्यावर. आतला प्राणवायू संपला की किडेही संपायचे आणि पेव उघडून घाईने उतरलेला माणूसही. म्हणून जाणती माणसं आधी कंदील सोडायची. बळदं जाड भिंतींच्या वाड्यांत होती, १९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या पट्ट्यातले असे कितीतरी वाडे बसले. सरकारी बाजूला १९५७ मध्ये वखार महामंडळ आलं, १९६५ मध्ये अन्न महामंडळ आलं. पोती, थप्प्या, ताडपत्र्या आणि सेल्फॉसच्या गोळ्या. त्या काळाबद्दल मला विशेष काही वाटत नाही.

माझा काळ सुरू होतो १९९७ ला. मराठवाड्यात सोयाबीनचं पेव फुटलं होतं, आणि हे पेव पोत्यात मावणारं नव्हतं. गिरणीने पाचशे-पाचशे टनांच्या चार टाक्या उभारल्या आणि मला स्टोअरकीपर नेमलं. टाकीखालच्या पंख्यांचं काम काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मालकांच्या मॅनेजरला तर शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते मुकादमांना. शिक्षण चौथी, उमेदीची वर्षं अडतीवर गेलेली. त्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात टाकीच्या शिडीवरून वर नेलं आणि झाकण उघडून छताच्या आतल्या बाजूला बोट लावायला सांगितलं. बोट ओलं झालं. बाहेर थेंबभर पाऊस नाही, जानेवारीची कोरडी पहाट. "माल घाम टाकतोय साहेब," ते म्हणाले. ऑक्टोबरात भरलेला माल पोटात तसाच गरम राहतो, कारण दाणा उष्णता सहजी सोडत नाही. कडेचा माल थंड होतो, मधली ऊबदार हवा वर चढते, वरच्या थंड थराला आणि पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. मग वरच्या थराची पोळी धरते, तिच्यावर बुरशी येते, आणि बुरशी पुन्हा गरमी देते. पंखा असतो तो हे मोडण्यासाठी. सगळी रास एकसारखी थंड करायची, बस्स.

वारंही फार लागत नाही. टनामागे मिनिटाला शंभर लिटर पुरतं. थंडीची लाट टाकीच्या तळातून निघून वर पोचायला सव्वाशे ते दीडशे तास लागतात, म्हणजे अठरा-वीस थंड रात्री. आमच्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराला येतो; हे फुकटचं शीतगृह आहे. गहू-ज्वारीतले सोंडेसुद्धा पंधरा अंशांखाली वाढायचे थांबतात. पंखा लावला की मुकादम वर जाऊन बाहेर पडणाऱ्या हवेचा वास घ्यायचे. कुबट आला तर खाली येऊन जेवतसुद्धा नसत.

आणि त्यांचं मीठ. पंख्याच्या खोलीबाहेर ओट्यावर एका पितळी वाटीत चमचाभर जाडं मीठ कायम ठेवलेलं. पाणी सुटलं असेल तर पंखा बंद. मी हसलो होतो. पुढे कळलं की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि तशी हवा टाकीत ढकलली तर सुकलेला दाणा ती पिऊन बसतो. आर्द्रतामापक गिरणीने कधी घेतला नाही. वाटीचे पैसे मुकादमांचेच होते.

आता गिरणी नाही, त्यामुळे बोलायला हरकत नाही. मॅनेजरसाहेबांचा हिशेब असा होता: ओल्या मालाला शेतकऱ्याकडून कट्टी लावायची, आणि पंख्याने तो फुकटात सुकवायचा. हा पंखा माल सुकवत नाही, थंड करतो; सुकवायचा तर किमान दहापट वारं लागतं, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं. एका आषाढात त्यांनी तीन नंबरच्या टाकीचा पंखा आठवडाभर रात्रंदिवस चालवायचा हुकूम काढला. बाहेर संततधार. मीठ वाटीत तरंगत होतं. मुकादमांनी आणि मी दोन रात्री पंखा बंद ठेवला आणि लॉगबुकात तसं प्रामाणिकपणे लिहिलं. टाकी रिकामी करताना तळाचा माल गुळाच्या ढेपांसारखा जाळीला चिकटलेला निघाला, पहारीने फोडावा लागला. दाणे काळे, तेल लालभडक. मला मेमो आला: पंखा दोन रात्री बंद ठेवल्यामुळे नुकसान. माझ्याच हस्ताक्षरातला पुरावा जोडला होता. मुकादमांना मेमोही नाही. त्यांना नुसतं 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं. वाटी ते घेऊन गेले नाहीत.

हे सगळं आज उकरायचं कारण भंगार एवढंच नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात सोयाबीनच्या सरकारी खरेदीसाठी मॉइश्चरची अट १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. शेतकऱ्याची अडचण होती, सवलत योग्यच होती. पण पंधरा टक्क्यांचा माल कुठे ठेवणार आणि थंड कोण करणार, यावर मला अवाक्षर ऐकू आलं नाही. बारदान मिळेना म्हणून केंद्रं अडली, त्याची मात्र चर्चा झाली. २०२३ मध्ये केंद्राने सहकारातली जगातली सर्वांत मोठी धान्य साठवण योजना जाहीर केली, सोसायट्यांची गोदामं त्यातून उभी राहताहेत. उभी राहोत. गोदामाचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. रात्री दोन वाजता उठून हवा बघणाऱ्या माणसाची जागा मंजूर होत नाही. नव्या सायलोंत तापमान मोबाईलवर दिसतं म्हणतात. छान आहे. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही आकडे दिसतच होते.

भाव वाढेल म्हणून यंदा तुमच्याही घरात पोती असतील. एक लोखंडी सळई थप्पीच्या मधल्या पोत्यात खुपसा, पंधरा मिनिटांनी ओढून लगेच तळहातावर धरा. गरम लागली तर थप्पी आजच मोडा आणि माल उन्हात पसरा.