‘सर्वस्व पणाला’ या उक्तीचा अर्थ : पोकर-स्पर्धेच्या आरंभीचा एक निर्णय

पोकरमधील ‘ऑल-इन’ ही घोषणा आणि मराठीतील ‘सर्वस्व पणाला लावणे’ हा वाक्प्रचार यांचा आशय एकच आहे. मराठीत मात्र तो बहुधा आलंकारिक अर्थाने योजिला जातो. पोकरमध्ये ती उक्ती अक्षरशः कृती असते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत वर्णन न करता प्रत्यक्ष कृती घडवून आणणाऱ्या उक्तींचे विवेचन केले; ती व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ‘ऑल-इन’ हे अशा उक्तीचे चोख उदाहरण होय. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे आपली पाळी असताना उच्चारलेली घोषणा बंधनकारक असते. चिप्स पुढे सरकविल्या नसल्या तरी शब्द मागे घेता येत नाही. ‘पण’ या शब्दालाही डावावर लावलेले द्रव्य आणि पाळावयाची प्रतिज्ञा असे दोन्ही अर्थ आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पर्धेच्या अगदी आरंभी समोरून अशी घोषणा झाली, तर तिला उत्तर काय द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात आणि पुढे पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात. या सातांतील उत्तम पाच पानांवर डाव ठरतो. स्पर्धेत प्रवेशशुल्क भरून प्रत्येकास सारख्या चिप्स दिल्या जातात. त्या संपल्या की खेळाडू बाद होतो. बक्षिसे मात्र अखेरपर्यंत टिकणाऱ्यांसच मिळतात. लास वेगास येथे १९७० पासून भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या मालिकेतील मुख्य स्पर्धेचे शुल्क १९७२ पासून १०,००० डॉलर आहे. इतके शुल्क भरून पहिल्याच तासात बाद होणे कोणासही रुचणारे नाही. परंतु न रुचणे आणि अयोग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विवेचनासाठी १२८ खेळाडूंची एक स्पर्धा कल्पावी. प्रत्येकाजवळ २०,००० चिप्स आहेत आणि आरंभीच्या सक्तीच्या पैजा, म्हणजे ‘ब्लाइंड’, ५० व १०० आहेत. एका खेळाडूने उघडी पाने मांडली जाण्यापूर्वीच आपल्या सर्व चिप्स पणाला लावल्या. इतरांनी पाने टाकली. अखेरच्या खेळाडूच्या हाती राण्यांची जोडी आहे आणि त्याने अद्याप काहीही लावलेले नाही. त्याने आव्हान स्वीकारल्यास, म्हणजे ‘कॉल’ केल्यास, २०,००० चिप्स घालून एकूण ४०,१५० चिप्सच्या डावासाठी तो झुंजेल. केवळ चिप्सचाच हिशेब केला, तर जिंकण्याची शक्यता ४९.८ टक्क्यांहून अधिक असल्यास कॉल लाभदायक ठरतो.

ही शक्यता मोजावयाची कशी? प्रतिपक्षाची पाने दिसत नाहीत. दिसते ती केवळ त्याची उक्ती. उक्तीचा अर्थ तिच्या उच्चारात नसून, वक्ता ती कोणकोणत्या प्रसंगी उच्चारतो आणि कोणत्या प्रसंगी टाळतो, यावरून ठरतो. एखादा खेळाडू एक्के, राजे वा राण्यांची जोडी अथवा एक्का-राजा असेल तरच ‘ऑल-इन’ म्हणतो असे मानू. एक्क्यांची जोडी सहा प्रकारांनी, राजांची सहा, उरलेल्या राण्यांची एका आणि एक्का-राजा सोळा प्रकारांनी जमू शकतो. एकूण २९ प्रकार झाले. राण्यांच्या जोडीस एक्के वा राजे यांच्या जोडीविरुद्ध सुमारे १८ टक्के, दुसऱ्या राण्यांविरुद्ध ५० टक्के आणि एक्का-राजाविरुद्ध सुमारे ५६ टक्के संधी असते. या सर्वांची सरासरी सुमारे ४० टक्के येते. येथे पाने टाकणेच इष्ट होय.

आता हीच उक्ती अधिक सैल जिभेच्या खेळाडूची आहे असे समजू. तो गुलाम वा दश्शी यांच्या जोडीवरही हेच म्हणतो. अशा जोड्यांचे बारा प्रकार वाढतात आणि त्यांच्याविरुद्ध राण्यांस सुमारे ८१ टक्के संधी असते. सरासरी ५२ टक्क्यांवर जाते. नव्व्यांच्या जोडीचे सहा प्रकार मिळविले की ती सुमारे ५६ टक्के होते. हातची पाने तीच, समोरचा शब्दही तोच; परंतु वक्ता बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो आणि अर्थाबरोबर निर्णयही बदलतो. म्हणून ‘राण्यांवर कॉल करावा की नाही’ हा प्रश्न वक्त्यावाचून अपुरा आहे.

तथापि सीमारेषा ४९.८ टक्केच धरावी काय? कुशल खेळाडू म्हणतात की, पुढे अधिक चांगल्या संधी मिळणार असता आताच सर्वस्व धोक्यात का घालावे? या आक्षेपाचे मोजमाप बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पोकरच्या गणितावरील ग्रंथात आढळते. १२८ खेळाडूंच्या स्पर्धेत सर्व चिप्स मिळविण्यास आपला साठा सात वेळा दुप्पट व्हावा लागतो. सामान्य खेळाडूची दुप्पट होण्याची शक्यता दर वेळी निम्मी असते. म्हणून त्याची स्पर्धा जिंकण्याची शक्यता १२८ त एक, म्हणजे सुमारे ०.७८ टक्के, येते. ही शक्यता दर वेळी ५५ टक्के असणारा कुशल खेळाडू सुमारे १.५२ टक्के वेळा, म्हणजे जवळजवळ दुपटीने, जिंकेल. अशा खेळाडूने ५५ टक्क्यांहून कमी संधी असता कॉल करू नये. कारण पाने टाकूनही दुप्पट होण्याची तेवढी आशा त्याला आहेच. मात्र जो ६० टक्क्यांची सीमा आखतो, तो आपण सामान्य खेळाडूच्या साडेतीनपटीहून अधिक वेळा जिंकतो असा दावा करीत असतो. हा दावा फारच थोड्यांस शोभेल.

बक्षिसांच्या वाटणीचा प्रश्न याहून निराळा आहे. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ साली शर्यतीतील क्रमांकांसाठी मांडलेले सूत्र मेसन मालमथ यांनी पोकरला लावले. तीन खेळाडू समान चिप्स घेऊन उरले आहेत आणि बक्षिसे शेकडा ५०, ३० व २० आहेत असे धरू. तेव्हा प्रत्येकाचा वाटा ३३.३ आहे. दुसऱ्याला बाद करून दुप्पट झालेल्याचा वाटा ४३.३ होतो; हरलेल्यास २० मिळतात. चिप्स दुप्पट झाल्या तरी मूल्य दुप्पट होत नाही. म्हणून तेथे कॉलसाठी सुमारे ५७ टक्के संधी हवी. आरंभी मात्र बक्षिसे दूर असतात आणि चिप्सचे मूल्य त्यांच्या संख्येच्या जवळजवळ प्रमाणात वाढते. त्यामुळे सीमा किंचितच वर सरकते. अखेरच्या टप्प्यातील सावधगिरी आरंभाला लावणे ही गणिताची चूक होय.

तात्पर्य, वरील उदाहरणात पहिल्या वक्त्यासमोर कोणीही पाने टाकावीत आणि तिसऱ्यासमोर राण्या घेऊन बहुतेकांनी कॉल करावा. दुसऱ्यासमोरच खेळाडूखेळाडूंत मतभेद संभवतो. सामान्य खेळाडूने तेथे ५२ टक्क्यांची संधी घ्यावी. खरोखर कुशल असलेल्याने ती सोडावी. निर्णय धैर्याचा नसून दोन अर्थनिर्णयांचा आहे. समोरच्याच्या शब्दात किती आशय आहे हा पहिला, आणि आपल्या कौशल्याविषयी आपण स्वतःशी जे म्हणतो त्यात किती आशय आहे हा दुसरा. पहिल्याची पारख निदान पाने उघडल्यावर थोडीफार होते. दुसऱ्याची होण्यास शेकडो स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने करणे अगत्याचे आहे.