बोट कोचीला लागते तेव्हा

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेली पर्यटक बोट कोचीच्या जवळ येते, तेव्हा बहुतेक प्रवासी न्याहारीच्या रांगेत उभे असतात. ही रांग खुशाल चुकवावी. कोचीत बघण्यासारखं जे सगळ्यात मोठं आहे, ते धक्क्याला लागण्याआधीच वरच्या डेकवरून दिसतं आणि त्याला वेगळं तिकीट नाही. विमानानं नेडुंबसेरीला उतरलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही.

बाहेरच्या समुद्रात बोट वेग कमी करते. एक छोटी होडी शेजारी येते आणि बंदराचा पायलट दोरीच्या शिडीवरून वर चढतो. इथून पुढे कप्तानाला वाट दाखवायचं काम त्याचं. समोर किनाऱ्याला एक फट दिसते, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. उजव्या हाताला फोर्ट कोची, डाव्या हाताला वैपीन बेट, दोन्हीकडे पाण्यावर वाकलेली चिनी जाळी. एवढ्या अरुंद तोंडातून बोट आत शिरते आणि आत एकदम खाडीचा विस्तार उघडतो. डावीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन, पुढे 1744 साली डचांनी बांधलेल्या वाड्याचं बोळगाट्टी बेट, पलीकडे एर्नाकुळमच्या उंच इमारती. शहर असं का वसलं, हे नकाशा न उघडता इथंच कळतं.

हे तोंड फार जुनं नाही. कोचीच्या उत्तरेला, पेरियार नदीच्या मुखाशी मुझिरिस नावाचं प्राचीन बंदर होतं. रोमन जहाजं मिरीसाठी तिथं येत. 1341 साली पेरियारला प्रचंड पूर आला, जुनं बंदर गाळानं भरलं आणि पाण्यानं कोचीजवळ समुद्राकडे वाट मोकळी केली, असं मानलं जातं. व्यापार गाळामागून सरकत इथं आला. पुढं अरब, चिनी, 1500 साली पोर्तुगीज, 1663 मध्ये डच आणि 1795 मध्ये इंग्रज या एवढ्याशा तोंडावर हक्क सांगायला आले.

निसर्गानं दार उघडलं खरं, पण उंबऱ्यात वाळूचा दांडा टाकून ठेवला. मोठ्या जहाजांना आत येता येत नसे. ती बाहेर नांगर टाकत आणि माल पडावांतून ने-आण होई. पावसाळ्यात तेही जिकिरीचं. हा दांडा काढायचा कसा, आणि काढला तर वैपीनचा किनारा समुद्र खाऊन टाकेल का, यावर वर्षानुवर्षं खल चालला. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर कोचीत आला, त्यानं लाटांचा आणि वाळूचा अभ्यास केला, किनाऱ्याला दगडी बांधांचा आधार दिला आणि दांडा कापून खोल वाट काढली. 26 मे 1928 रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात आली. उपसलेल्या गाळाचं काय करायचं, तर त्याचं सुमारे 780 एकरांचं बेट केलं. तुमची बोट ज्या धक्क्याला लागते तो याच बेटाचा. बेटाला नाव मिळालं लॉर्ड वेलिंग्डनचं. तो मद्रासचा गव्हर्नर होता, त्याआधी मुंबईचा. सांगलीच्या वेलिंग्डन कॉलेजात शिकलेल्यांना हे नाव परकं वाटायचं कारण नाही.

आता धक्क्यावरचं गणित. बोट लागली म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. कागदपत्रं होतात, मग शिडी लागते, मग गटागटानं सोडतात. परत येण्याची शेवटची वेळ ही बोट सुटण्याच्या बऱ्याच आधीची असते आणि ती पाळावीच लागते. बोट रिक्षात अडकलेल्या कुटुंबासाठी थांबत नाही. कार्ड, आधार आणि बोटीचा फोन नंबर खिशात असावा. वेळापत्रकात छापलेल्या तासांतले दोन-अडीच तास आधीच वजा धरावेत.

आणि तरीही सहलीच्या टेबलावर सगळ्यात जास्त खपते ती अलेप्पीची बस. अलेप्पी, म्हणजे आलप्पुळा, पन्नासेक किलोमीटरवर. रस्ता राष्ट्रीय महामार्ग 66, म्हणजे पनवेलहून कोकणात उतरणारा आपलाच महामार्ग, आणि त्याचे गुणही तेच. जाण्यायेण्यात अर्धा दिवस संपतो, हाउसबोटीत घाईघाईनं जेवण होतं आणि एका बोटीतून उतरून दुसऱ्या बोटीत बसल्याचं समाधान मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसाच्या थांब्यात वेलिंग्डन बेटाच्या पश्चिमेला, मट्टांचेरी आणि फोर्ट कोची या दोन वस्त्यांपलीकडे जाऊ नये. बरोबर म्हातारी माणसं आणि मुलं असली तर मुळीच नाही.

आम्ही आधी मट्टांचेरी घेतली, कारण तिथं बघायचं ते छपराखाली आहे आणि वेळेला बंद होणारं आहे. एक सूचना इथंच: मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तर ज्यूंचं सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी. तिकीट काढताना बोट कोचीला कुठल्या वारी लागते, हे कुणी बघत नाही. बघावं.

राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, 1555 च्या सुमारास, कोचीच्या राजाला नजराणा म्हणून. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. बाहेरून इमारत अगदी साधी. आत मात्र राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण आहे, नैसर्गिक रंगांतलं, गर्दीनं भरलेलं. भिंतीचा कोपराही रिकामा सोडलेला नाही. पिवळा, गेरूचा लाल आणि हिरवा, डोळे मोठे, अंगावर दागिन्यांचा भार. वाईच्या किंवा साताऱ्याकडच्या वाड्यांतली चित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना फरक चटकन कळेल. आपल्याकडे आकृत्यांभोवती मोकळी जागा असते, इथं आकृतीला आकृती भिडलेली. इथं घाई करू नये. मुलांना गोष्ट माहीत असतेच, त्यांना ओळखत बसू द्यावं.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला ज्यू टाउनची गल्ली आणि गल्लीच्या टोकाला परदेशी सिनेगॉग, 1568 चं. 1662 मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, डच आल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. घड्याळाचा मनोरा 1760 चा. चपला काढून आत जायचं. पायाखाली चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, डोक्यावर काचेची झुंबरं. 1968 मध्ये या वास्तूला 400 वर्षं झाली, तेव्हा इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या आणि टपाल खात्यानं तिकीट काढलं होतं. आज समाज जवळजवळ उरलेला नाही. 1950 च्या दशकात बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्राएलांशी या लोकांचं जुनं नातं आहे. 19 व्या शतकात कोकणातल्या बेने इस्राएलांच्या घरांत धर्मशिक्षण पोचवायला कोचीनच्या ज्यूंचा मोठा हातभार लागला.

गल्लीतली दुकानं मसाल्याच्या नावाखाली काय वाटेल ते विकतात. मिरी घ्यायचीच तर गोदामांच्या रस्त्यावर, जिथं स्थानिक लोक घेतात तिथं घ्यावी. रिक्षावाला ‘फक्त पाच मिनिटं, बघायला पैसे नाहीत’ म्हणून एखाद्या मोठ्या दुकानासमोर थांबवू लागला, तर नम्रपणे नको म्हणावं. त्याला तिथं नेण्याचे पैसे मिळतात आणि तुमची अर्धी दुपार जाते.

मराठी माणसानं मट्टांचेरीत आणखी एक वळण घ्यावं, चेरलाईकडे. पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं 16 व्या शतकात इथं आली. त्यांच्यासारखेच गोव्यातून आलेले कुडुंबी लोकही या भागात आहेत. व्यंकटेशाचं मोठं तिरुमला देवस्थान या सारस्वतांचं. घरात अजून कोकणी बोलली जाते, मल्याळमच्या सुरात. माझी आई वेंगुर्ल्याची. देवळाबाहेर पापड-सांडगे विकणाऱ्या बाईला तिनं मालवणीत भाव विचारला, बाईनं कोकणीत सांगितला. शब्द निम्मेच कळत होते, घासाघीस मात्र दोघींना सारखीच येत होती. दहा मिनिटांत मासे कुठले, लग्नं कुठं होतात, कुलदैवत कोणतं, सगळं झालं. कुलदैवत अर्थातच गोव्यातलं निघालं.

याच माणसांचा एक फार मोठा ठेवा ग्रंथालयात आहे. 1670 च्या दशकात कोचीचा डच प्रमुख हेन्ड्रिक व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींचा कोश करायला घेतला. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा तो ग्रंथ, ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात 12 खंडांत छापला गेला. त्यातली औषधी माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यानं, आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. तिघांनी आपल्या कामाची ग्वाही देणारा मजकूर कोकणीत लिहून दिला, तारीख 1675 च्या एप्रिलची. तो पहिल्या खंडात नागरी लिपीत जसाच्या तसा छापला आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हा एक. चेरलाईत त्याचं मोठं स्मारक असायला हवं होतं. पर्यटकांच्या बसला मात्र त्याचा पत्ताही नसतो.

जेवण मट्टांचेरीतच उरकावं. बारीक तांदळाची इथली मटण बिर्याणी तिखट नसते, मुलंही खातात. शाकाहाऱ्यांना केळीच्या पानावरचं साधं जेवण कुठंही मिळतं.

फोर्ट कोची ऊन उतरल्यावर. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो 24 डिसेंबर 1524 रोजी कोचीतच वारला आणि इथं पुरला गेला, पण त्याचे अवशेष पुढं पोर्तुगालला नेले. म्हणजे लोक फोटो काढतात ते रिकाम्या जागेचे. चर्चचं नशीबही बंदरासारखंच: आधी पोर्तुगीज कॅथलिकांचं, मग डच प्रॉटेस्टंटांचं, मग इंग्रजांचं.

चिनी जाळी चर्चपासून चालत पाच मिनिटांवर. ती कुणी आणली, यावर एकमत नाही. झेंग हच्या चिनी आरमाराबरोबर आली असं सांगतात, तर काही जण मकावच्या पोर्तुगीजांकडे बोट दाखवतात. यंत्र मात्र बघत राहावं असं. सागाच्या आणि बांबूच्या लांब दांड्यांना चारही टोकांनी जाळं टांगलेलं असतं आणि मागच्या बाजूला दोरांवर दगड लोंबत असतात. मुख्य तुळईवर माणूस पुढं चालत गेला की जाळं पाण्यात उतरतं. थोडा वेळ गेला की चार-सहा जण दोर ओढतात, दगडांचं वजन त्यांच्या मदतीला येतं. ताजव्यासारखाच प्रकार. मासळी मूठभर निघते, जाळ्याच्या मालकाची खरी कमाई आता दोर ओढू पाहणाऱ्या पर्यटकांकडून होते. मुलांना ओढू द्यावा, पण पैशाचं आधी ठरवून.

वेळ उरला तर फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रोनं हायकोर्टच्या धक्क्याला जावं. विजेवर चालणाऱ्या या बोटी कोचीन शिपयार्डनं बांधल्या, सेवा एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. इकडच्या माणसाला ती रोजची लोकल, पाहुण्याला बंदराचा फेरफटका. तिथून वेलिंग्डन बेटावर टॅक्सीनं यायला संध्याकाळच्या गर्दीची जास्तीची वेळ धरावी.

अलेप्पीचं पाणी बघायचंच असेल, तर त्यासाठी वेगळी सुट्टी काढा. नेत्रावती एक्स्प्रेस लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते, कोकण रेल्वेनं जाते आणि आलप्पुळाला थांबते.