घरच्या संगणकातील तण आणि त्याचा बंदोबस्त



लागणीच्या आणि खोडव्याच्या नोंदी घेण्यासाठी आमच्या विभागाची माणसे गावोगाव फिरतात. पूर्वी अशा वेळी बोलणे व्हायचे ते पाण्याचे, बेण्याचे आणि तोडीच्या तारखेचे. आता त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. "साहेब, जाता जाता एवढा कॉम्प्युटर बघता का? पोरीचा फॉर्म भरायचा म्हटलं तर अर्धा तास सुरूच होत नाही, आणि झालाच तर कसल्या कसल्या जाहिराती उड्या मारतात." आम्ही ऊसवाले, संगणकाचे इंजिनिअर नव्हे. तरीपण कार्यालयात आमचे रोजचे काम संगणकावरच चालते, आणि घरोघरी तीच तक्रार ऐकल्यावर तिचे मूळही बहुतेक ठिकाणी एकच असल्याचे दिसून आले. सबब या अंकात हा विषय घेत आहोत.

पहिली गोष्ट अशी की, बहुतेक वेळा यंत्र बिघडलेले नसते. त्यात नको ती सॉफ्टवेअर माजलेली असतात. आणि यातील बरीचशी चोरून येत नाहीत. आपणच कुठे तरी 'हो' म्हटलेले असते, म्हणून येतात.

हे तण येते कोठून?

एक, फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर. शेणखत चांगले कुजलेले नसले की त्याबरोबर तणाचे बी रानात येते, तसेच हे आहे. आपण एक वस्तू घेतो, सोबत दुसरी येते. सोबतच्या वस्तूची कंपनी प्रत्येक संगणकामागे पैसे मोजते, त्यामुळे देणाऱ्याचाही त्यात फायदा असतो. हे लहानसहान लोकच करतात असे नव्हे. ओरॅकल या मोठ्या कंपनीच्या जावा या सॉफ्टवेअरबरोबर कित्येक वर्षे 'आस्क टूलबार' नावाची पट्टी येत असे. तिच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असायची. ती न काढता 'नेक्स्ट' दाबले की पट्टी बसलीच.

दोन, नव्या यंत्राबरोबर. लेनोवो कंपनीने २०१४ साली आपल्या काही लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचे सॉफ्टवेअर घालून विकले. ते इंटरनेटच्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसवीत असे, आणि त्यापायी बँकेसारख्या सुरक्षित पानांचे कुलूपही ढिले होत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीला ते काढून टाकण्याची सोय करून द्यावी लागली.

तीन, 'अलाऊ' या बटणामुळे. एखादे पान उघडताच वरच्या कोपऱ्यात "सूचना पाठवू का?" असे विचारले जाते. घाईत 'अलाऊ' दाबले की ते पान बंद केल्यावरही त्याच्या जाहिराती पडद्याच्या कोपऱ्यात येत राहतात. अनेकांना हा व्हायरस वाटतो. तो व्हायरस नसून आपण दिलेली परवानगी असते, आणि ती काढून घेता येते.

सगळी कटकट म्हणजे तण नव्हे

विंडोजची अपडेट ऐन कामाच्या वेळी सुरू होतात म्हणून ती कायमची बंद करून ठेवणारे सभासद आहेत. हे चुकीचे आहे. अपडेटमुळे सॉफ्टवेअरमधील भगदाडे बुजवली जातात. वेळ नडत असेल तर वेळ बदलावी: सेटिंग्जमधील विंडोज अपडेट या भागात 'ॲक्टिव्ह अवर्स' असते, तेथे आपल्या कामाचे तास भरले की त्या तासांत संगणक आपणहून बंद-चालू होत नाही. मात्र अपडेट चालू असताना वीज जाणार नाही असे बघावे. भारनियमनाची वेळ टाळावी किंवा यूपीएस असावा.

लोकांचा राग अगदीच विनाकारण आहे असेही नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० घेण्यासाठी जी सूचना दाखविली, ती फुली मारून बंद केली तरी ठरलेल्या वेळी नवी विंडोज बसत असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिक बाईंचा संगणक या बदलानंतर नीट चालेना, तेव्हा त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि कंपनीला त्यांना १०,००० डॉलर द्यावे लागले. त्याच विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहेत. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी आपले यंत्र विंडोज ११ ला चालते का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. तोवर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार न केलेले बरे.

तण काढायचे कसे?

लव्हाळा वरून कापला तर जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो. पडद्यावरील चित्र पुसले म्हणजे सॉफ्टवेअर गेले, अशी समजूत त्यातलीच आहे. चित्र म्हणजे नुसते पाते. गाठ काढण्यासाठी पुढील क्रमाने जावे.

१) सेटिंग्ज, त्यात ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स ही यादी उघडावी. (विंडोज १० मध्ये तिचे नाव 'ॲप्स अँड फीचर्स' असे आहे.) न वापरलेले गेम, टूलबार, 'संगणक वेगवान करतो' म्हणणारी सॉफ्टवेअर येथून 'अनइन्स्टॉल' करावीत. ज्याचे नाव ओळखू येत नाही ते मात्र तडकाफडकी काढू नये. नाव कागदावर लिहून आधी विचारावे, नाहीतर तणाबरोबर उसाचा कोंबही उपटला जायचा.

२) कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'स्टार्टअप' भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी असते. एकाच चारीवर दहा जणांनी बारे धरले तर कोणाच्याच सरीला पाणी पोचत नाही, तशी गत संगणकाची होते. रोज न लागणारी सॉफ्टवेअर येथे 'डिसेबल' करावीत. ती नाहीशी होत नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत.

३) क्रोम वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', पुढे 'साइट सेटिंग्ज', पुढे 'नोटिफिकेशन्स' येथे जावे. परवानगी दिलेल्या पानांची यादी दिसेल. अनोळखी सगळी काढावीत. कोपऱ्यातील जाहिरातींचा त्रास बहुधा येथेच थांबतो.

४) नव्या यंत्राबरोबर आलेले अँटीव्हायरस मुदत संपली की "पैसे भरा" म्हणून रोज टोकते. ते घ्यायचे नसेल तर काढून टाकावे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हे संरक्षण मुळातच फुकट असते आणि दुसरे निघाल्यावर ते पुन्हा चालू होते. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नयेत. संरक्षण दुप्पट होत नाही, संगणक मात्र रेंगाळतो.

५) यापुढे काहीही बसविताना 'नेक्स्ट' दाबण्याआधी चौकटी वाचाव्यात. 'कस्टम' असा पर्याय असेल तर तो निवडावा, म्हणजे सोबत काय येते ते दिसते. सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्याच पानावरून घ्यावे. सातबाऱ्यासारख्या सरकारी कामासाठी पानाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो याची खात्री करावी.

सर्वांत विषारी तण

कधी कधी पूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि मजकूर येतो की "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा." हे साफ खोटे असते. इंटरनेटचे साधे पान तुमच्या संगणकातील व्हायरस तपासू शकत नाही. फोन केला की समोरचा माणूस गोड बोलून दुरून संगणक चालविणारे सॉफ्टवेअर बसवायला लावतो, आणि मग आपला संगणक त्याच्या हातात जातो. बँकेचे खाते उघडे असेल तर पुढचे सांगायला नको. अठरा महिने आडसाली सांभाळायची, आणि खात्यावर जमा झालेले बिल एका फोनपायी जायचे!

अशा वेळी फोन करू नये. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरावे. तेवढ्याने न जमल्यास वर सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा, आणि तेही नाही जमले तर यंत्राचे बटण दाबून धरून सरळ बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर "मागची पाने उघडू का?" असे विचारले तर नको म्हणावे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना फसविणाऱ्या १३ प्रकारांची यादी मार्गदर्शक सूचनांद्वारे जाहीर केली. त्यात व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणे आहे, आणि नको म्हटले तरी पुनःपुन्हा टोकणेही आहे. ग्राहक म्हणून तक्रार करण्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसू नये. जितके लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता जास्त.

वरील पाच कामे एका दुपारी होतात, त्यांना पैसे लागत नाहीत. घरातील शिकणाऱ्या मुला-मुलींना हा लेख वाचावयास द्यावा आणि त्यांच्याबरोबर बसून यादी तपासावी. काय काढावे याबद्दल शंका असल्यास नावे कागदावर लिहून गट कार्यालयात आणून द्यावीत, ही विनंती. कळावे.

— ऊस विकास अधिकारी